शिध्याचे पाच रुपये

आमच्या घरात अंदाजपत्रक कार्तिकात मांडलं जायचं. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की एखाद्या रविवारी दुपारी मी वही घेऊन बसायची आणि हे समोर मांडी घालून. घराचं अंदाजपत्रक नव्हे हं. घर काय, चालतंच. हे होतं फटफटीच्या शर्यतींचं. शेजारीपाजारी कोणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, मास्तरीणबाईचं डोकं फिरलं. म्हणून सांगत नव्हते.

दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हे फिटर होते आणि मी मुलींच्या शाळेत बाई. माझं माहेर यवतमाळचं. वडील कचेरीत कारकून. महिनाअखेरीला ते आम्हा भावंडांना ओळीनं बसवून घरखर्च वाचून दाखवायचे, कोणाच्या पाटीची पेन्सिल किती दिवसांत संपली तेही त्यात असायचं. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपतानाही पाय जवळ घेऊनच झोपायची. तीच सवय घेऊन मी दिग्रसला आले. आमचं घर दोन खोल्यांचं होतं, आणि लग्नाला सात वर्षं झाली तरी त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच होतो. का, ते कोणी डॉक्टरनं कधी नीट सांगितलं नाही, आणि आम्हीही पुढं विचारणं सोडून दिलं.

नवे पैसे सुरू झाले त्या सालची गोष्ट. बाजारात भाजीवालीशी रोज भांडण, एका आण्याचे सहा द्यायचे की सात. त्याच धांदलीत एक दिवस हे हातगाडीवर लोखंडाचा सांगाडा घालून घरी आले. लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली फटफटी, एका अडत्याच्या कोठ्यात सरकीच्या पोत्यांखाली वर्षानुवर्षं पडून होती. सीटमध्ये उंदरांनी पिलं घातली होती. तीनशे रुपये मोजले होते तिचे. म्हणजे माझा चार महिन्यांचा पगार. मी चार दिवस बोलले नाही. महिन्याला एक दिवस, असा हिशोब केला होता मी.

बसस्टँडामागं एका मुसलमान मिस्त्र्यांचं गॅरेज होतं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. चाचांनी आणि यांनी मिळून आठ महिने खपून ती चालती केली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा फुटली, म्हणजे आवाज झाला तिचा, त्या दिवशी आळीतली कुत्री गावाबाहेर पळाली. हे अंगणात उभे होते, तोंडाला ऑइल, आणि असे हसत होते की लग्नातही मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला त्या फटफटीचा मत्सर वाटला.

आमच्याकडं पौषापासून फाल्गुनापर्यंत शंकरपट भरतात. बैलजोड्यांच्या शर्यती. दोन जोड्या शेजारी शेजारी सोडायच्या, झेंडी पडली की सुटायच्या, पट्टीच्या शेवटी घड्याळ धरून माणूस बसलेला. त्या वर्षांत काही पटांवर नवं खूळ निघालं. बैलं पळून झाली की त्याच पट्टीवर फटफट्या पळवायच्या, तशाच दोन-दोन. येणारे कोण, तर राजूरच्या खाणीवरचे एकदोघं, जंगल ठेकेदाराचा मुलगा, एखादा कंपाउंडर, आणि दिग्रसहून हे. बक्षीस फेटा, नारळ आणि एकावन्न रुपये. त्यात कोणाचाच खर्च निघत नसे. पण हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं, बाप्पा. मी लिहिलंय ते सगळं.

हंगामाचे चार पट. त्यांची कलमं मला अजून तोंडपाठ आहेत. पेट्रोल, ऑइल, प्लग, चेन. मागचा टायर, जो दर साली लागायचाच, कारण पट्टीवरचे खडे. चाचांची मजुरी, जी ते घ्यायचे नाहीत म्हणून त्यांच्या घरी ईदेला साखर आणि शेवया. प्रत्येक पटाची वर्गणी. खाडे: ऐन कापसाच्या हंगामात जिनिंगमधून सुटी घेतली की पगार कापायचे, तो कापलेला पगारही मी खर्चातच धरायची. टिंक्चर आणि कापूस. किरकोळ. गॉगल कारखान्यातला वेल्डिंगचा होता, त्याला पैसे पडत नव्हते. आणि सगळ्यात शेवटी, मी माझ्या हातानं लिहिलेलं एक कलम: माझं तिकीट.

कारण फटफटीवर मला जागा नव्हती. वजन कमी करायचं म्हणून मागची सीट पहिल्याच साली काढून टाकली. तिथं हत्यारांची पेटी आणि पेट्रोलचा डबा बांधलेला असायचा. मला पट पाहायला जायचं तर मोटारीनंच जावं लागणार. चारही पट नकोत, मला एकच पाहायचा होता, सगळ्यात मोठा, शेवटचा. वणीच्या पुढं, राजूर मागं टाकून झरी-जामणीच्या रानाकडं वळलं की एक मोठं गाव लागतं, तिथला. दिग्रसहून यवतमाळ, यवतमाळहून वणी, पुढं मिळेल ते वाहन. जाऊन-येऊन अकरा रुपये. मला फार काही नको होतं. नवरा पळतो तेव्हा त्याच्या बाजूनं एक माणूस उभं असावं, आणि ते मी असावं, एवढंच.

दर साली ते कलम मी लिहायची आणि दर साली माघात खोडायची. एकदा पिस्टन गेला. एकदा यांचा अंगठा फाटला, त्याचे टाके. एकदा टायरचा भावच वाढला. कुठून काढायचे? प्लगमधून काढता येत नाहीत, पेट्रोलमधून काढता येत नाहीत. ‘माझं तिकीट’ हे एकच कलम असं होतं की त्यातून काढले तर कोणी हूं का चूं करत नव्हतं. हे म्हणायचे, “बाई, पुढच्या साली नक्की.” मला चिडवायला ते बाईच म्हणायचे, शाळेतल्या पोरींसारखं. मी म्हणायची, बरं.

मग पटाचा तो शनिवार यायचा. हे पहाटे निघायचे. फटफटीचा आवाज दारव्ह्याच्या रस्त्यानं ऐकू येईल तोवर मी दारात उभी राहायची, मग आत यायची. शनिवारी अर्धी शाळा. रविवार तर पूर्णच मोकळा. मी सगळी भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. पोरींच्या वह्या तपासायची. दुपारी शेजारची बाई यायची आणि विचारायची, एकटीच काय वं? रोज विचारायची, पण त्या दिवशी ते अंगाला लागायचं. आमच्या घरात दोन माणसं होती म्हणून ते घर होतं. एक गेलं की नुसत्या दोन खोल्या उरायच्या. मी चाचांच्या गॅरेजवरून उगाच चक्कर मारून यायची, ते न बोलता मान हलवायचे, की येतील, काळजी करू नका.

आता शिध्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

त्या शेवटच्या पटाच्या गावाची एक रीत होती. बाहेरून आलेल्या गड्यांना गाव दोन दिवस उतरवून घ्यायचं, जेवू घालायचं. पण ज्याला घरदार आहे त्यानं पटाच्या चुलीला शिधा द्यायचा. कणीक, तुरीची डाळ, गूळ, तूप, नाहीतर रोख पाच रुपये. ज्याला घर आहे त्याच्या घरचं अन्न गावाच्या चुलीत पडलं पाहिजे, अशी भावना. आणि शिध्यासोबत घरून कुंकवाची पुडी यायची. पट सुटायच्या आधी ते कुंकू बैलाच्या कपाळाला, फटफटी असली तर दिव्याला लावायचे. हे मला पहिल्या साली यांनीच सांगितलं होतं. मी पाच रुपये दिले, कुंकवाची पुडी दिली, आणि वहीत लिहिलं.

त्या पहिल्या साली हे परत आले तेव्हा खर्च अंदाजापेक्षा चौदा रुपयांनी वर गेला होता. मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढंच, की घर विकून फटफटी पळवा म्हणाले, मलाही विका म्हणाले. आठ दिवस चुलीवर भाकरी होत होती आणि तोंडाला कुलूप होतं. हे जेवायचे आणि ताट स्वतः धुवून ठेवायचे. त्या आठ दिवसांबद्दल मला आजही माझाच राग येतो.

दुसऱ्या साली ते पटावरून आले, अंगावरची धूळ झटकली नव्हती, तोच खिशातून पाच रुपयांची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, शिध्याचे. घेतलेच नाहीत त्या लोकांनी, फार मानून राह्यले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नवऱ्याला परक्या गावात मान मिळतो, आणि वर पाच रुपये वाचतात! मी त्या दिवशी वांग्याचं भरीत केलं, वर तेल जरा सढळ सोडलं, आणि जेवताना सारखी हसत होते. हे माझ्याकडं पाहत होते. 

पुढं दर साली तसंच. मी वहीत ‘शिधा, पाच’ लिहायची, पुढं ‘परत’ असा एक खाना आखायची, आणि पटानंतर त्या खान्यात पुन्हा पाच लिहायची. कुंकवाची पुडी मात्र ते दर साली मागून न्यायचे, विसरत नसत. ते परत आलेले पाच मी हंगामाच्या हिशोबात घेतले नाहीत. चहाच्या एका रिकाम्या डब्यात टाकत गेले. हे माझ्या मनात कुठून आलं माहीत नाही, पण तीन साली जमले तेव्हा मोजले, पंधरा. तिकिटाचे अकरा, वरखर्चाला चार. आता पिस्टन फुटो की टायर फाटो, हे पैसे कोणाच्या बापाचे नव्हते.

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात मी गेले. यांना सांगितलं नाही. म्हटलं, यवतमाळला आईकडं जाते दोन दिवस. हे म्हणाले, जा, तुलाही तेवढंच बरं. शनिवारी शाळा सुटल्यावर निघाले, रात्री माहेरी राहिले, रविवारी पहिल्या मोटारीनं वणी. वणीहून पटाला जाणाऱ्या एका छकड्यात चार बायका होत्या, त्यांनी मला चढवून घेतलं. लाल काठाची इंदुरी साडी नेसले होते, लग्नातली. धुळीनं ती पहिल्या कोसातच मातीची झाली. मला काही वाटलं नाही. मी पोरीसारखी बाहेर पाहत होते. सांगण्यासारखं म्हणजे, मी वाक्यही ठरवलं होतं. पट संपल्यावर मागून जाऊन म्हणायचं, काय हो फिटर, पंक्चर काढता का?

पटावर गर्दी म्हणाल तर मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका एका बाजूला बैलगाड्यांच्या सावलीत बसल्या होत्या, मी त्यांच्यात जाऊन बसले. बैलांचे पट झाले. मग फटफट्या आणल्या. दुरून मी आमची ओळखली, टाकीवर चाचांनी मारलेला हिरवा रंग. हे शेजारी उभे, गळ्याला मफलर, कपाळावर कारखान्याचा गॉगल.  बाकीचे गडी आपापली पुडी काढून दिव्याला कुंकू लावत होते. हे नुसते उभे होते. मला वाटलं, विसरले की काय! एवढ्यात एक म्हातारी, नऊवारी, हातात ताट घेऊन पुढं गेली आणि तिनं आमच्या फटफटीच्या दिव्याला कुंकू लावलं. मग यांच्या कपाळाला लावलं. यांनी वाकून नमस्कार केला.

आणि भोंग्यावरून आवाज आला, “आता सुटून राह्यला दिग्रसचा सडा गडी!”

लोकांनी टाळ्या पिटल्या. सडा, सडा, असं पोरं ओरडायला लागली. जुनी ओळख असल्यासारखी.

ती म्हातारी ताट घेऊन आमच्याच गाडीपाशी येऊन टेकली. मी तिला विचारलं की त्या गड्याला तुम्ही काहून कुंकू लावलं. ती म्हणाली, जो सडा असतो, ज्याच्या घरी कोणीच नाही, त्याच्याकडून गाव शिधा घेत नाही, आणि त्याचं कुंकू तिच्या ताटातून लागतं. दर साली तीच लावते. मग माझ्याकडं झुकून हळूच म्हणाली, “मायबाप नाही, बायको नाही, लेकरू नाही वं त्याले. एवढा गुणाचा माणूस, अन् घरी गेला का दिवा लावाले कोणी नाही.”

 लेकरू नाही हे खरं होतं. ते ऐकायची सवय होती. पण बायको नाही?

झेंडी पडली. दोन फटफट्या सुटल्या. धूळ इतकी उडाली की मला हिरवा रंगही दिसला नाही, नुसता आवाज डावीकडून उजवीकडं गेला. शंभरपर्यंत उजळणी म्हणायलाही वेळ लागतो, त्याच्या आत सगळं संपलं. एवढ्यासाठी माझं वर्ष जायचं! लोक ओरडले म्हणून कळलं की हे जिंकले. पुढच्या फेरीत हरले, तेही ओरडण्यावरूनच कळलं. शेजारची एक बाई विचारू लागली, तुमचं कोण हाय पटात? मी म्हणाले, कोणी नाही, मी मास्तरीण आहे, पाहायला आले.

उठून जाऊन सांगता आलं असतं. पण चारचौघांत तो माणूस खोटा ठरला असता. त्याला पट्टीवरून उठवलं असतं, पुन्हा कधी उभं केलं नसतं. आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. मला लाज वाटली. लग्नातली साडी नेसून, मातीनं माखून, आपण ज्याच्यासाठी आलो त्याच्या घरी आपण नाहीच आहोत, हे कळल्यावर कुठल्या तोंडानं पुढं जायचं? मी मागच्या मागं निघाले. वणीच्या स्टँडवर दोन तास एका बाकावर बसले होते. तशी एकटी मी आयुष्यात कधी बसले नाही, हे गेले तेव्हाही नाही, कारण तेव्हा निदान लोक भेटायला येत होते.

सोमवारी संध्याकाळी हे घरी आले. मी आधी पोचले होते. त्यांनी खिशात हात घातला आणि पाचची नोट माझ्या हातावर ठेवली. “घे, शिध्याचे. घेतलेच नाही त्याहीनं.” आणि माझ्या तोंडाकडं पाहत राहिले.

मी नोट घेतली. डब्यात टाकली. हसले नाही. आई बरी आहे ना, त्यांनी विचारलं. बरी आहे, म्हणाले.

मी भांडखोर बाई. मिठाच्या खड्यावरून भांडायची. पण त्या गोष्टीवरून मला आठ महिने भांडता आलं नाही. रोज वाटायचं, आज बोलू, आणि रोज वाटायचं, बोलले आणि त्यांनी हो म्हटलं तर? तुझा कंटाळा आला, दोन दिवस तू नसल्यासारखं जगावंसं वाटलं, असं म्हटलं तर? शाळेत पोरींना वजाबाकी शिकवताना मध्येच थांबायची मी. हेही गप्प झाले होते. आमच्या घरात फक्त फटफटी बोलायची.

कार्तिक आला. वही काढली. हे समोर बसले, नेहमीसारखे म्हणाले, बोला बाई. मी सगळ्यात वर, पेट्रोलच्याही वर, लिहिलं आणि वाचून दाखवलं, “शिधा. दोन माणसांचा.”

यांनी वही आपल्याकडं ओढून ते कलम पाहिलं. मग म्हणाले, “तू आलती?”

मी म्हणाले, हो, आलते. म्हातारीचं ताटही पाहिलं. आणि मग आठ महिन्यांचं सगळं बाहेर पडलं. मी मेले आहे का, म्हणाले. मला जाळून आले होते का पटाला जाताना? लेकरू नाही म्हणून लोक मला मोजत नाहीत ते कमी होतं, तुम्हीही मोजलं नाही? मी रडत होते आणि वहीवरची शाई फुटत होती.

ते ऐकून घेत होते.  मग जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते.

“पयल्या साली चौदा रुपये वर गेले, तू आठ रोज बोलली नाही. दुसऱ्या साली लिवनारा नवा होता, शिधा वाचवाले सडा म्हनून नाव सांगतलं. पैशे वापस आनले, तं तू हासली. सालातून तेवढीच हासत होती तू. मले वाटे, पुढच्या साली बी हासंन.”

मग उठून हत्यारांची पेटी घेऊन आले. तळाशी, पान्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेल्या कुंकवाच्या पुड्या होत्या. ऑइलनं डागाळलेल्या, एकही उघडलेली नव्हती. सड्याला घरचं कुंकू चालत नाही, आणि टाकवत तर नव्हत्या, म्हणून पेटीत ठेवल्या, म्हणाले. पटाला त्या दर साली सोबत असायच्या.

मी कपाळाला हात लावून बसले. माझ्या काटकसरीनं मलाच वहीतून खोडलं होतं, आणि त्या खोडण्याचे पैसे साठवून मी तिकीट काढलं होतं.

त्या साली अंदाजपत्रकात पहिली दोन कलमं होती शिधा आणि माझं तिकीट, बाकी फटफटीचं उरलं त्यात. शिधा रोख द्यायचा नाही असं मी ठरवलं. दोन दिवस बसून गहू निवडले, दळून आणले, कणीक गाळली. डाळ, गूळ, घरी कढवलेलं तूप. घरातलं सगळं चांगलं त्या पिशवीत गेलं. हे शुक्रवारी पुढं जाणार, मी शनिवारी शाळेनंतर निघून रविवारी पटावर पोचणार. साडी धुवून, घडी करून गादीखाली दाबून ठेवली होती.

शनिवारी दुपारी शाळेतून आले तर फटफटी अंगणात उभी. मी म्हटलं, पडले की काय. हे ओट्यावर बसले होते, धडधाकट. म्हणाले, पट आहे, पण फटफट्या बंद. शेजारच्या एका पटावर आवाजानं बैलजोडी बुजली, लोकांत शिरली, म्हणून पंचांनी ठरवलं की यापुढं बैलांच्या पट्टीवर फटफटी नाही. आमच्याकडं तरी तो खेळ तिथंच संपला. पुढं दोन वर्षांनी चाचांनी ती फटफटी एका खाणीवाल्याला विकून दिली. मला तो पट पाहायला मिळाला तो तेवढाच, धुळीतला.

पण त्या दुपारी मला यातलं काही कळत नव्हतं. मी पाहिलं, पिशवी रिकामी. म्हटलं, शिधा कुठं आहे? म्हणाले, देऊन आलो.

झालं! माझा तोल गेला. शर्यत नाही आणि शिधा देऊन आलात? दोन माणसांचा? तूप सुद्धा? घरात चिमूटभर कणीक ठेवली नाही मी, तुम्हाला अक्कल आहे का नाही, न पळता कशाचा शिधा?

“मांगचा बाकी होता,” हे म्हणाले.

मी ती रिकामी पिशवी खुंटीला अडकवली.

मग त्यांनी सांगितलं. पंच म्हणत होते की गड्या, तुझा पट नाही तर शिधा कायले, घेऊन जा वापस. हे हलले नाहीत. वही काढा म्हणाले. लिहिणाऱ्यानं जुनी वही काढली, त्यात चार साली यांच्या नावापुढं ‘सडा’ होतं. हे म्हणाले, मी खोटं बोललो, ते खोडा. तिथं जमलेली माणसं हसली, एकजण शिवीही देऊन गेला, गावचं अन्न फुकट खाल्लं म्हणून. ती म्हातारी तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, घरी कोण हाय मंग? यांनी सांगितलं, बायको आहे. शाळेत मास्तरीण. म्हातारी उठून चुलीपाशी गेली आणि आमची कणीक स्वतः परातीत ओतली.

घरात खरंच काही नव्हतं. मी शेजारून वाटीभर तांदूळ उसने आणले, शेजारणीनं विचारलं, एकटीच का वं आज? म्हटलं, नाही, दोघं आहोत. भात आणि ताक खाल्लं आम्ही. हे ताट धुवायला उठले तर मी हातातून काढून घेतलं.

मग वही घेऊन बसले. तिकिटाच्या कलमावर रेघ मारली, सवयीची रेघ. शिध्यापुढं ‘दिला’ असं लिहिलं. त्याच्या शेजारी ‘परत’चा खाना मी कार्तिकातच आखून ठेवला होता. तो तसाच कोरा ठेवला.